पोलिसांचा पगार आणि पोलिसांचे काम : कोल्हापूरकरांचे अनुभव

सेवानिवृत्तीपूर्वी मी एका शासकीय कार्यालयात वेतनबिले तयार करत असे. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेण्यांनुसार लिपिक-टंकलेखकाचे मूळ वेतन 19,900 रुपयांपासून, पोलीस शिपायाचे 21,700 पासून, तलाठ्याचे 25,500 पासून आणि पोलीस उपनिरीक्षकाचे 38,600 पासून सुरू होते. लिपिक आणि तलाठी होण्यासाठी पदवी लागते, शिपायाला बारावी पुरते. त्यामुळे शिक्षणाच्या मानाने शिपायाला कमी मिळते असे कागदावरून म्हणता येत नाही. मात्र रात्रपाळी, बंदोबस्त आणि जिवाचा धोका या सर्वांचे मोल लिपिकापेक्षा 1,800 रुपये अधिक, इतकेच धरलेले दिसते. हा हिशेब प्रत्यक्षात कसा लागतो, हे पोलीस, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांच्याशी काम पडलेले नागरिक यांनी या धाग्यावर लिहावे, अशी विनंती आहे. नाव आणि ठाणे कृपया लिहू नये.

हवालदाराची पत्नी, कसबा बावडा

आमच्या घरी पगाराविषयी तक्रार क्वचितच होते, वेळेविषयी रोज होते. चैत्रात जोतिबाची यात्रा, नंतर गणपती, लगेच अंबाबाईचा नवरात्रोत्सव, आणि मध्ये निवडणूक लागली तर तीही; या काळात यजमान घरी येतात ते आंघोळीला आणि डबा न्यायला. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर ते सकाळी उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपेपर्यंत तिथेच असतात. मी एकदा वहीत त्या महिन्याचे तास मांडून पगाराला भागले, तेव्हा तासाचा दर शेजारच्या बांधकामावरील गवंड्याच्या दरापेक्षा कमी निघाला. किरकोळ रजा 12 वरून 20 झाल्या ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु मुलीच्या बारशाला मागितलेली रजा बंदोबस्तामुळे नामंजूर झाली, तेव्हा त्या 20 चा उपयोग काय, असे वाटले. शासकीय निवासस्थान मिळाले की घरभाडे भत्ता बंद होतो, हे नियमाप्रमाणेच आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली पातेली मांडताना मात्र तो भत्ता आठवतो.

भरतीची तयारी करणारा, गोकुळ शिरगाव

मला हा धागा वाचून थोडे नवल वाटले. मी पदवीधर आहे, एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, आणि पहाटे विद्यापीठाच्या आवारात 1,600 मीटरचा सराव करून कामावर जातो. 2024 च्या भरतीत राज्यभरातील सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. 21,700 मूळ वेतन, वर महागाई भत्ता आणि कुटुंबाला आरोग्य योजना, हे माझ्या घरात आजवर कोणाला मिळालेले नाही. पात्रता बारावीची असली तरी रांगेत माझ्या मागेपुढे एम.ए. झालेले उभे असतात, हेही खरे.

व्यापारी, लक्ष्मीपुरी

पगार अपुरा म्हणून पोलीस वरकमाई करतात, असे अनेकदा म्हटले जाते; हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्याला खायचे आहे तो पगार दुप्पट झाला तरी खाणारच. माझ्या दुकानात चोरी झाली तेव्हा तपास करणाऱ्या शिपायाने आमचा चहासुद्धा घेतला नाही, आणि पगार त्यालाही तेवढाच होता.

निवृत्त सहायक फौजदार

धोका म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गोळीबार येतो. माझ्या नोकरीत बंदूक रोखण्याची वेळ आलीच नाही; धोका होता तो रस्त्याचा, रोगाचा आणि झोपेचा. महामार्गावर रात्री अपघात झाला की भरधाव वाहनांना हाताने अडवत पंचनामा करायचा आणि छिन्नविच्छिन्न मृतदेह गोळा करून शवविच्छेदनासाठी पोहोचवायचा, ज्यासाठी खासगी वाहनाचे भाडे अनेकदा आमच्याच खिशातून जाई. कळंबा कारागृहातील कैदी बाहेरच्या न्यायालयात न्यायचा असला तर प्रवासात तो पळाला की निलंबन आमचे, आणि प्रवासभत्त्याचे बिल निघायला महिने लागत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात चिखली-आंबेवाडी भागात छातीभर पाण्यात उभे राहून माणसे काढली. सोबत तलाठीही होते आणि त्यांनीही जिवावर उदार होऊन काम केले. पूर ओसरल्यावर त्यांच्यामागे पंचनाम्यांचे काम लागले आणि आम्ही त्याच ओल्या बुटांनी गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताला लागलो. रक्तदाब आणि मधुमेह घेऊन 58 व्या वर्षी घरी आलो. मला जुने निवृत्तिवेतन मिळते, म्हणून निभावते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या मुलांना हा आधार असाच मिळालेला नाही, आणि माझ्या मते मूळ वेतनापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

महिला अंमलदार

महिलांना आठ तासांची ड्युटी देण्याचे आदेश निघाले, तेव्हा त्या महिन्यात मुलाचा अभ्यास घेता आला. मनुष्यबळ कमी असल्याने ते नेहमी पाळले जात नाहीत. पगारवाढ आणि आठ तास यांपैकी एकच निवडायचे असेल तर मी आठ तास निवडीन.

वकील, कोल्हापूर

वहीतला तासाचा हिशेब न्यायालयात टिकणार नाही, याचे कारण सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 28 नुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. जिथे कर्तव्य कधी संपतच नाही, तिथे जादा कामाचे तास मोजायचे कुठून? शिवाय 1966 च्या केंद्रीय कायद्यामुळे पोलिसांना पूर्वपरवानगीशिवाय कामगार संघटनेचे सदस्य होता येत नाही. एसटीचे कर्मचारी संप करू शकतात, शिक्षक मोर्चा काढू शकतात. पोलीस त्या मोर्चाच्या बंदोबस्ताला असतात. म्हणून वेतनश्रेणी वाढवण्याच्या मागणीपेक्षा, ठरलेल्या तासांपुढील बंदोबस्ताला स्वतंत्र दर द्यावा ही मागणी मला अधिक नेमकी वाटते.

हवालदाराची पत्नी, कसबा बावडा

वकीलसाहेब, ही मागणी यजमानांना मांडता येत नसेल, तर आम्हा घरच्यांना मांडता येईल का, आणि ती कोणाकडे मांडायची, हे कृपया सविस्तर लिहावे. आमच्या लाइनीतील बऱ्याच जणी सही करायला तयार आहेत.