'गाणारे नर' आणि 'चौरस मीटर': पक्षी व शेवाळी एकाच तक्त्यात कशी बसवायची?

रानपाखरू: संकटग्रस्त जातींचा तक्ता करतेय. एकीकडे अमेरिकेतल्या मिशिगनचा कर्टलंड वॉर्बलर हा छोटा पक्षी, दुसरीकडे इंग्लंडमधली थॅम्नोब्रियम अँगुस्टिफोलियम ही शेवाळी (मॉस). आययूसीएनच्या (संकटग्रस्त जातींची जागतिक यादी करणाऱ्या संस्थेच्या) निकषांना प्रौढ जीवांची संख्या लागते. शेवाळीचा 'एक जीव' म्हणजे किती धरायचा?

भिंगवाला: झुपके मोजू नका. एक झुपका एकाच बीजाणूतून आला की दहांतून, हे नुसतं बघून सांगता येत नाही. रूढ तोडगा असा: जमिनीवरची किंवा खडकावरची शेवाळी असेल, तर ती जिथे आहे असा 1 चौ.मी.चा तुकडा म्हणजे एक जीव. सालीवर वाढणारी असेल तर एक झाड म्हणजे एक जीव. तुमची जात डर्बीशरमध्ये चुनखडीच्या एकाच ओल्या कड्यावर, जेमतेम काही चौ.मी. आहे. निकष 'डी' (फारच कमी संख्या) मधल्या 50 प्रौढ जीवांच्या मर्यादेच्या कितीतरी आत, म्हणजे अतिसंकटग्रस्त.

कोरड्या जागच्या जाती मोजताना आधी फवाऱ्याने पाणी मारून थोडं थांबा. सुकलेली पानं आक्रसतात, तपकिरी दिसतात, मेली समजून सोडली जातात आणि क्षेत्र कमी भरतं. नमुना दोन-चार फांद्यांचा, तोही कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. (या जातीचा मात्र तेवढाही तोडू नका, फोटो काढा.)

पहाटफेरी: वॉर्बलर मोजताना गाणारे नर मोजतात. प्रत्येकामागे एक मादी धरून 'गाणारे नर गुणिले 2' करताना जपून. जोडी न जमलेला नर जास्त गातो, त्यामुळे तो हमखास मोजला जातो. पण त्याच्यामागे मादी नसते. 1974 आणि 1987 मध्ये प्रत्येकी 167 नर मिळाले, म्हणून त्या-त्या वर्षी 334 पक्षी होते असं नाही. शिवाय दोन नर एकाच वेळी ऐकू आले तरच दोन लिहा, नाहीतर हलणारा एकच दोनदा मोजला जातो.

घट-वाढीच्या कारणांचा रकानाही वेगळा ठेवा. काउबर्ड हा पक्षी वॉर्बलरच्या घरट्यात अंडी घालतो म्हणून 1972 पासून त्याला पकडायला पिंजरे लावले. वॉर्बलरची घसरण थांबली, पण संख्या वाढेना. त्याचं घरटं जमिनीवर, जॅक पाइन या झाडाच्या खालच्या हिरव्या फांद्यांच्या आडोशाला असतं. झाड उंच झालं की त्या फांद्या वाळतात. 1980 च्या, मिशिगनमधल्या मॅक लेक वणव्यानंतर कोवळं रान उगवलं, तेव्हा कुठे 1990 पासून आकडा चढला. 2019 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून नाव निघालं.

भिंगवाला: शेवाळीला असं दुसरं रान नाही. झऱ्याचं पाणी आटलं किंवा बिघडलं की संपलं. मूळ माप (गाणारे नर, चौ.मी.) तसंच ठेवा, 'जीव' शेजारच्या रकान्यात लिहा.