मोठी कंपनी की स्टार्टअप? दोन ऑफर आहेत, सल्ला हवा

बॅकएंडचा (सॉफ्टवेअरच्या सर्व्हरकडच्या कामाचा) पाच वर्षांचा अनुभव. आठवडाभरात कळवायचंय.
अ) शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी: पगार, जॉइनिंग बोनस, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारे आरएसयू (कंपनीचे फुकट शेअर).
आ) ४० जणांची स्टार्टअप, सिरीज ए (गुंतवणुकीची पहिली मोठी फेरी) झालेली: पगार 'अ'च्या ७५ टक्के, १०,००० ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क), पद एक पायरी वरचं.
ऑप्शन्स धरले तर 'आ' पुढे जाते, असं त्यांचा रिक्रूटर म्हणतो. हे तपासायचं कसं?

प्रतिसाद १
१०,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. फुली डायल्युटेड, म्हणजे सगळे ऑप्शन्सही धरून, एकूण शेअर किती ते विचारा. १ कोटी असतील तर वाटा ०.१ टक्के, १० कोटी असतील तर ०.०१. पुढच्या दोन फेऱ्यांत २०-२० टक्के डायल्यूशन (नवे शेअर निघाल्याने वाटा घटणं) धरलं तर ०.१ चे ०.०६४ उरतात.

मग स्ट्राइक प्राइस, म्हणजे ऑप्शनचा शेअर घेताना तुम्ही भरायचा भाव. रिक्रूटर बहुतेक वेळा शेवटच्या फेरीतल्या प्रिफर्ड (गुंतवणूकदारांच्या, जास्त हक्कांच्या) शेअरच्या भावाने गुणाकार करून दाखवतात. तुम्हाला मिळणार कॉमन, म्हणजे साधे शेअर, आणि त्यातूनही स्ट्राइक वजा होणार.

लिक्विडेशन प्रेफरन्सही विचारा, म्हणजे कंपनी विकली तर गुंतवणूकदार आधी किती घेणार. समजा गुंतवणूकदारांनी ४० कोटी घातले, प्रेफरन्स एकपट आहे आणि कंपनी ३५ कोटींना विकली गेली, तर सगळे ३५ त्यांचे. कॉमनवाल्यांच्या हाती भोपळा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नोकरी सोडताना. व्हेस्ट झालेले (नोकरीच्या काळानुसार तुमचे झालेले) ऑप्शन्स वापरून शेअर घ्यायला अनेक ठिकाणी फक्त ९० दिवस मिळतात. त्यात स्ट्राइकचे पैसे भरा, लागू असेल तर करही भरा, आणि हातात येतो तो विकता न येणारा शेअर. काही कंपन्या ही मुदत अनेक वर्षांची ठेवतात, म्हणून मागून बघाच.

आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलंत तर सहसा एकही ऑप्शन नाही, यालाच क्लिफ म्हणतात.

प्रतिसाद २
+१. पण 'अ'ची रक्कमही दगडावरची रेघ नाही. आरएसयूची संख्या सहसा सुरुवातीच्याच भावाने ठरते. शेअर ४० टक्के पडला की १०० चे ६० होतात. दरवर्षी २५ टक्केच मिळतील असंही नाही. अ‍ॅमेझॉनची ५-१५-४०-४० ही वाटणी प्रसिद्ध आहे. जॉइनिंग बोनस एकदाच येतो आणि ठरलेल्या मुदतीआधी सोडलंत तर बऱ्याचदा परत द्यावा लागतो. चार वर्षांचा तक्ता वर्षवार मांडा, सरासरी काढू नका. रिफ्रेशर (पुढे मिळू शकणारे वाढीव आरएसयू) पत्रात लिहिलेला नसेल तर शून्य.

लेव्हल, म्हणजे पदाची पायरी, सही करण्याआधीच वाढवून मागा. आत गेल्यावर तीच पायरी चढायला प्रमोशनचं चक्र लागतं.

प्रतिसाद ३
रनवे विसरलात सगळे! म्हणजे स्टार्टअपचे पैसे किती महिने पुरतील: बँकेतली रोकड भागिले महिन्याचा निव्वळ खर्च. समजा १८ कोटी शिल्लक, महिन्याला १.५ कोटी जातात, म्हणजे १२ महिने. नवी फेरी उभी करायला सहज सहा महिने जातात, म्हणजे निवांतपणा सहाच महिन्यांचा. सर्वांत मोठ्या ग्राहकाकडून किती टक्के महसूल येतो तेही विचारा.

ऑन-कॉलला (बिघाड झाला की रात्रीही धावायच्या पाळीला) चौघेच असतील तर दर चौथा आठवडा तुमचा. 'गेल्या महिन्यात रात्री किती अलर्ट वाजले?' हा प्रश्न मॅनेजरला नाही, टीममधल्या इंजिनिअरला विचारा. पदाचं फार मनावर घेऊ नका, मोठ्या कंपन्या पुढे मुलाखत घेऊन आपल्या हिशेबानेच लेव्हल ठरवतात.

धागाकर्ता
विचारलं. रनवे १४ महिने. एकूण शेअर 'जॉइन झाल्यावर सांगू' म्हणतात.

प्रतिसाद १
मग ऑप्शन्स शून्य धरून पगाराशी पगार लावा. 'आ'ला ईमेल करा: एकूण शेअर आणि स्ट्राइक कळल्याशिवाय निर्णय देता येणार नाही, कळल्यावर तीन कामाचे दिवस हवेत. सोबत पगार ९० टक्क्यांवर मागा. ऑप्शन्स 'बोर्डाच्या मंजुरीनंतर' असं पत्रात असेल तर मंजुरी कधी होणार तेही लिहून घ्या, कारण स्ट्राइक सहसा त्या दिवशी ठरते. तोवर 'अ'ला नकार कळवू नका, आणि सही झालेलं पत्र हातात येईपर्यंत राजीनामाही नको.