शब्दचर्चा : साठवण, जतन, ठेव आणि संशोधनाचा डिजिटल संग्रह

प्रश्न :

आमच्या संशोधन संस्थेचे प्रबंध, शोधनिबंध, क्षेत्रकार्यातल्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आणि मोजणीच्या फायली एकाच डिजिटल संग्रहात आणायचं ठरलं आहे. ग्रंथालयाच्या वतीने धोरणाचा मसुदा मी मराठीत लिहिते आहे. 'रिपॉझिटरी', 'आर्काइव्ह', 'प्रिझर्व्हेशन', 'मेटाडेटा' आणि 'ओपन ॲक्सेस' हे पाच शब्द अडवून बसले आहेत. बैठकीत या सगळ्यांसाठी सरसकट 'डिजिटायझेशन' म्हटलं जातं, त्यामुळे कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळत नाही. रुळलेले मराठी शब्द कोणते, आणि इंग्रजी शब्द कुठे तसाच ठेवावा?

प्रतिसाद :

आधी 'डिजिटायझेशन'चा बंदोबस्त करा, कारण बाकीचे पाचही शब्द त्याने गिळले आहेत. कागदावरच्या, फितीवरच्या मजकुराचं डिजिटल रूप तयार करणं एवढाच त्याचा अर्थ. आजचा प्रबंध जन्मतःच संगणकावर असतो. त्याचं डिजिटायझेशन काय करणार? तरीही 'प्रबंधांचं डिजिटायझेशन पूर्ण झालं' अशी वाक्यं अहवालात येतात आणि काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

त्या पुढच्या कामासाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरू नका. फाईल 'साठवली' म्हणजे ती आज तिथे आहे. फाईल 'जतन केली' म्हणजे ती वीस वर्षांनी उघडेल, वाचता येईल आणि दाखल झाली तेव्हा होती तीच आहे हे दाखवता येईल. 'जतन' हा शब्द 'यत्न'वरून आलेला आहे आणि इथे तो अर्थ शब्दशः लागू पडतो. पुस्तक कपाटात पन्नास वर्षं राहिलं तर पिवळं पडेल, पण वाचता येईल. फाईलकडे तितकी वर्षं दुर्लक्ष केलं तर बहुधा काहीच हाती लागणार नाही. डिस्क बिघडते, फाईल उघडणारं सॉफ्टवेअर बंद पडतं, नाहीतर परवलीचा शब्द ठाऊक असणारा माणूस सोडून जातो. म्हणून 'प्रिझर्व्हेशन'ला 'जतन' हाच शब्द घ्या आणि त्यात कोणकोणती कामं येतात ते धोरणात लिहा : वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवणं, जुनं फाईल-स्वरूप कालबाह्य होण्याआधी मजकूर नव्या स्वरूपात नेणं, आणि ताळा जुळवणं.

'ताळा' मुद्दाम म्हणतोय. इंग्रजीत ज्याला 'चेकसम' म्हणतात त्यासाठी 'तपासणी बेरीज' असे बोजड शब्द कुठे कुठे दिसतात. आपल्याकडे गणित बरोबर आलं का हे पाहायला ताळा करून बघायची पद्धत आहेच. इथेही तेच होतं. फाईलमधल्या सगळ्या मजकुरावरून सूत्राने एक ठरावीक लांबीची संख्या काढून नोंदवून ठेवतात. मजकुरात कुठे एका बिटाचा फरक पडला तरी पुन्हा काढलेली संख्या वेगळी येते. 'दाखल होणाऱ्या प्रत्येक फाईलचा ताळा नोंदवला जाईल आणि ठरावीक काळाने जुळवून पाहिला जाईल' हे वाक्य धोरणात घाला. ग्रंथालयातल्या कोणालाही ते समजेल.

'आर्काइव्ह'ला 'पुराभिलेख' आणि 'अभिलेखागार' दोन्ही रुळलेले आहेत. 'पुरा' म्हणजे पूर्वीचं, त्यामुळे कालच्या प्रयोगाच्या फायलींना 'पुराभिलेख' म्हणणं विचित्र वाटतं. कायम राखायची म्हणून निवडलेली कागदपत्रं जिथे राहतात ते 'अभिलेखागार'. ईमेलमध्ये 'आर्काइव्ह करा' म्हणतात तेव्हा 'नजरेआड करा' एवढाच अर्थ असतो, तो या मसुद्यात शिरू देऊ नका.

प्रतिसाद :

जतनाबद्दल वरच्या मताशी पूर्ण सहमत. 'रिपॉझिटरी'साठी मात्र मी 'ठेव' हा शब्द पुढे करते. 'भांडार' आणि 'कोठार' चालतात, पण त्यांत माल कोणाचा हे कळत नाही. ठेवीत कळतं. मी तुमच्याकडे ठेव ठेवली म्हणजे मालकी माझीच राहिली, सांभाळायची जबाबदारी तुमची झाली आणि मागेन तेव्हा ती धड परत मिळाली पाहिजे. संस्थेच्या संग्रहात शोधनिबंध देताना लेखक ज्या करारावर सही करतो त्यात साधारणपणे हेच असतं. प्रताधिकार लेखकाकडे राहतो. ग्रंथालयाला प्रत ठेवण्याचा, दाखवण्याचा आणि जतनासाठी स्वरूप बदलण्याचा परवाना मिळतो, आणि तो अनन्य नसल्यामुळे लेखक तोच निबंध दुसरीकडेही देऊ शकतो. पुष्कळ संशोधक निबंध द्यायला कचरतात ते 'दिला म्हणजे गेला' या समजुतीने. 'ठेव' म्हटलं की ती भीती अर्धी कमी होते.

प्रतिसाद :

'ठेव' म्हटलं की नव्वद टक्के वाचकांच्या डोळ्यांसमोर बँक येते. 'संशोधन ठेव योजना' असा फलक लावलात तर लोक व्याजदर विचारतील. 'भांडार' शब्दकोशांपासून संकेतस्थळांपर्यंत सगळीकडे रुजलेला आहे, 'ज्ञानभांडार' कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. बदलायची गरज नाही.

प्रतिसाद :

दोन्ही ठेवा की. जागेचं नाव 'भांडार', कृतीसाठी 'ठेव'. 'निबंध भांडारात ठेव म्हणून दाखल केला' हे सरळ मराठी वाक्य आहे. 'दाखल' तर ग्रंथालयाचा घरचाच शब्द. आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. डिजिटल वस्तूला 'अपलोड केली' म्हटलं की ती कोणीही, कधीही, कशीही टाकली असा सूर येतो. 'दाखल केली' म्हटलं की कोणीतरी पाहून, तपासून, क्रमांक देऊन घेतली हे आपोआप येतं.

क्रमांकाचा विषय निघालाच आहे तर 'डीओआय'बद्दल ('डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर', निबंधाला किंवा फाईलला मिळणारा कायमचा क्रमांक) एक. याचं भाषांतर 'डिजिटल वस्तूचा ओळखक्रमांक' असं केलेलं दिसतं, ते चूक आहे. ही व्यवस्था चालवणाऱ्यांनीच खुलासा केला आहे की 'डिजिटल' हे विशेषण ओळखक्रमांकाचं आहे, वस्तूचं नव्हे. म्हणजे 'वस्तूचा डिजिटल ओळखक्रमांक'. फरक बारीक वाटेल, पण त्यामुळेच खडकाच्या नमुन्यालाही डीओआय देता येतो. फाईल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेली तरी क्रमांक तोच राहतो, फक्त त्यामागचा पत्ता अद्ययावत करावा लागतो. तो करण्याची जबाबदारी कोणाची, हे धोरणात लिहिलं नाही तर क्रमांक असूनही दुवा तुटतो.

प्रश्नकर्ती :

'भांडार', 'ठेव', 'दाखल', 'ताळा' हे चारही मसुद्यात घेतले. आता 'मेटाडेटा', म्हणजे फाईलबद्दलची माहिती. 'अधिविदा' लिहिलं तर संशोधक अर्ज भरतील का, अशी शंका आहे.

प्रतिसाद :

नाही भरणार. 'डेटा'साठी 'विदा' मला मनापासून आवडतो, मी स्वतः लिहितो. पण 'अधिविदा' वाचून अर्ज भरणाऱ्याला काय भरायचं ते कळत नाही. 'मेटाडेटा' ठेवा, किंवा 'नोंद' म्हणा. १९९५ साली 'डब्लिन कोअर' हे अशा नोंदींचं मानक सुरू झालं (हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोमधलं, आयर्लंडचं नव्हे) आणि त्याच्या मूळ संचात पंधरा घटक आहेत : शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, हक्क वगैरे. तालिकेची कार्डं लिहिलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

मात्र विदाच्या, म्हणजे मोजणीच्या, फायलींसाठी तेवढ्यावर भागत नाही. एक फाईल समोर आणा. तीन रकाने : 'ता.', 'त१', 'त२'. खाली हजारो आकडे, मध्ये मध्ये '-९९९'. फाईल शाबूत आहे, ताळा जुळतो, शीर्षक, लेखक, दिनांक सगळं नोंदीत आहे. तरी ही फाईल निरुपयोगी आहे. 'त' म्हणजे तापमान की तणाव? '१' आणि '२' ही दोन ठिकाणं की दोन उपकरणं? '-९९९' म्हणजे 'त्या वेळी मोजणी झाली नाही' अशी खूण असते, हे ज्याला ठाऊक नाही तो सगळ्या रकान्याची सरासरी काढून मोकळा होईल आणि ती सरासरी कुठेतरी छापूनही येईल. या माहितीसाठी फाईलसोबत एक साधं 'वाचा आधी' नावाचं टिपण सक्तीचं करा : रकान्यांचे अर्थ, एककं, उपकरण, गाळलेल्या मोजणीची खूण. जतनव्यवस्थेचं आयएसओ १४७२१ ('ओपन आर्काइव्हल इन्फर्मेशन सिस्टिम') हे मानक नेमकं हेच मागतं. ज्या वाचकवर्गासाठी भांडार चालवायचं तो आधी ठरवा, आणि मूळ निर्मात्याला न विचारता त्या वर्गाला मजकूर समजला पाहिजे.

मराठी मजकुराबाबत आणखी एक अडचण आहे, धोरणात तिच्यासाठी वेगळं कलम करा. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. दोन्हींचा मेळ घालायची सोय मुद्दाम केली नसेल तर एक शोधल्यावर दुसरा सापडत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या प्रबंधांची अवस्था याहून वाईट आहे. तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. असे प्रबंध युनिकोडमध्ये आणणं हे जतनाचंच काम आहे, ते टंकलेखनाच्या खर्चात ढकलू नका.

प्रतिसाद :

'ओपन ॲक्सेस' राहिला. 'मोफत' लिहू नका, 'मुक्त प्रवेश' लिहा. २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात वाचणं, उतरवून घेणं, प्रती काढणं, वाटणं, शोधणं आणि दुवा देणं हे सगळं आलं आहे, लेखकाला श्रेय आणि त्याच्या मजकुराची अखंडता राखून. पैसे न घेता वाचू दिलं पण प्रत काढायला मनाई केली तर ते मोफत झालं, मुक्त नाही. वर उल्लेख आलेल्या आयएसओ मानकाच्या नावातही 'ओपन' आहे, त्याचा अर्थ तिसराच : मानक खुल्या चर्चेतून तयार झालं. त्याप्रमाणे चालणारं भांडार सर्वांना खुलं असेलच असं नाही. तिथे 'खुलं' म्हणा आणि 'मुक्त' प्रवेशासाठी राखून ठेवा.

संशोधनाचा विदा कसा असावा हे सांगणारी, २०१६ साली मांडलेली 'फेअर' तत्त्वं मराठीत फार सहज येतात, कारण आपल्याकडे '-जोगं' आहे : सापडण्याजोगं, पोहोचण्याजोगं, जुळण्याजोगं, पुन्हा वापरण्याजोगं. यातलं 'पोहोचण्याजोगं' म्हणजे मुक्त नव्हे. तुमच्या मुलाखतींत कोणाच्या आजाराची, कुटुंबाची माहिती असेल तर ध्वनिमुद्रण बंद ठेवलंच पाहिजे. पण ते आहे ही नोंद दिसली पाहिजे, आणि कोणाकडे, कोणत्या अटींवर मागायचं हेही.

प्रश्नकर्ती :

शेवटचं विचारते. प्रकाशकाच्या अटीमुळे निबंध ठरावीक महिने बंद ठेवावा लागतो, त्या 'एम्बार्गो'ला काय म्हणू? 'बंदी' फार कडक वाटतं.

प्रतिसाद :

'राखीव मुदत'. बंदी कधी उठेल ते ठाऊक नसतं, मुदत संपते. ती संपण्याची तारीख नोंदीत आकड्यांत लिहा आणि त्या दिवशी निबंध आपोआप उघडेल अशी व्यवस्था भांडारातच करून घ्या. कोणीतरी आठवणीने उघडेल यावर सोडलं तर तो बंदच राहतो.