चावी काढली की स्टिरिओचं सेटिंग उडतंय, आणि ९०.४ लागतच नाही

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. हॅचबॅकमधला कंपनीचा स्टिरिओ काढून ७ इंची अँड्रॉइड बसवून घेतलाय. चावी काढली की घड्याळ, ब्लूटूथ, स्टेशनं सगळं साफ. दुकानात परत दाखवला, तर त्यांनी पिवळी आणि लाल वायर एकत्र जोडून दिली. आता सेटिंग राहतंय, पण गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. दुसरं, निपाणीकडं गेलं की कोल्हापूर १०२.७ लागतंय आणि गावात, म्हणजे बेळगावात असून इथलं कम्युनिटी रेडिओ स्टेशन वेणुध्वनी ९०.४ लागत नाही. ९०.३ वरनं थेट ९०.५. शिवाय रेस दिली की स्पीकरमधनं कुंईऽऽ वाढतंय.

मीटर_शहापूर:
ती जोड आधी सोडवा. स्टिरिओची पिवळी म्हणजे मेमरी, तिला २४ तास १२ व्होल्ट पाहिजेत. लाल म्हणजे एसीसी (अ‍ॅक्सेसरी), चावी फिरवल्यावरच करंट. दोन्ही बॅटरीवर दिल्या की स्टिरिओ झोपतच नाही. समजा ३०० मिलिअँपिअर ओढतोय, तर तीन दिवसांत साडेएकवीस अँपिअर-अवर गेले. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी मग सेल्फ कुठनं फिरवणार?

मूळ सेटिंग उडत होतं ते बहुतेक गाडीच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) या दोन लाइन उलट असल्यामुळं. रंगावर विश्वास ठेवू नका, रंग स्टिरिओच्या बाजूचे ठरलेले, गाडीच्या बाजूचे नाहीत. मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन कपलरच्या एकेका खाचेत. चावी काढूनही १२.५ च्या आसपास दाखवते तिथं पिवळी, चावीसोबत येते-जाते तिथं लाल. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). नुसती पीळ मारून टेप लावली तर उन्हात गोंद सुटतोय. पिवळीवरचा फ्यूज बायपास केला असेल तर परत घाला.

झाल्यावर बॅटरीच्या मायनसवर १० अँपिअर रेंजमध्ये मीटर सिरीजमध्ये लावा (मायनसची केबल काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये), दारं बंद करून वीसेक मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या खाली आलं पाहिजे. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातोय.

खानापूर_रोड:
रेडिओचा घोळ वायरचा नव्हे. ट्यूनर अमेरिकेच्या रीजनवर आहे, तिथं पायरी ०.२ ची, म्हणून विषम दशांशच लागतंय. १०२.७ सापडतं, ९०.४ मधनं गळतं. एएम असेल तर तिथंही १० किलोहर्ट्झची पायरी, म्हणजे धारवाड आकाशवाणी ७६५ चुकलंच. फॅक्टरी सेटिंगमध्ये रेडिओ रीजन युरोप किंवा आशिया करा. पासवर्ड बऱ्याच चिनी सेटमध्ये ८८८८ किंवा १२६ असतोय. त्यानंतरही खरखर राहिली तर अँटेनात बूस्टर आहे का बघा, त्याला निळ्या वायरीनं १२ व्होल्ट लागतात. कम्युनिटी स्टेशन आहे हो, खानापूरपर्यंत येईल अशी आशा ठेवू नका.

अनगोळकर:
रीजन बदललं, ९०.४ लागलं! वायरी रविवारी. कुंईऽऽ चं काय?

मीटर_शहापूर:
आवाज शून्यावर करून रेस द्या. तरी कुंई राहिली तर पॉवर किंवा अर्थिंग. आवाजासोबत कमी-जास्त झाली तर इनपुटकडनं येतीय, मग आधी फोनचा चार्जर आणि रिव्हर्स कॅमेऱ्याची आरसीए (सिग्नलची पिन) काढून बघा. अर्थसाठी काळी वायर डॅशच्या मागच्या लोखंडी पट्टीच्या बोल्टला, रंग खरवडून, रिंग टर्मिनलनं. आणि स्पीकरची मायनस कुठंही बॉडीला जोडली नाही ना ते बघाच. त्यानं आउटपुटची आयसी उडतीय आणि मग सेट बदलण्यावाचून इलाज नाही.

खानापूर_रोड:
डॅशची पट्टी उघडायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा. एअरबॅगची पिवळी कपलरं तिथंच असतात, त्यांना मीटर लावायचा नाही.