पावसाळ्यात रक्तातून निघालेला ‘स्युडोमोनास स्पीशीज’ : नेमकी ओळख कशी पटवावी?

प्रश्न : तळकोकण_लॅब

नमस्कार. तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी गेली अकरा वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे) होते, पण जंतूची ओळख सांगणारे यंत्र नाही. ग्राम स्टेन, ऑक्सिडेज, ट्रिपल शुगर, सायट्रेट आणि युरिएज एवढ्या साध्या चाचण्यांवर आम्ही भागवतो आणि अडले तर कॉलनी (प्लेटवर वाढलेला जंतूंचा पुंजका) शहरात पाठवतो. यंदा ऑगस्टमध्ये आलेल्या एका नमुन्यामुळे मी बेचैन आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

रुग्ण पन्नाशीतले, भातशेती करणारे आणि जुने मधुमेही. तीन आठवडे ताप हटत नव्हता, वजन उतरले होते आणि सोनोग्राफीत पाणथरीत (प्लीहेत) लहान लहान गळवे दिसली. बेडका टीबीसाठी दोनदा तपासला, तो निगेटिव्ह आला. तरीही एकेटी (टीबीवरची औषधे) सुरू करावी असा विचार चालू होता. त्याच सुमारास रक्ताच्या कल्चरची बाटली दुसऱ्या दिवशी गढूळ झाली. स्मिअरमध्ये ग्राम निगेटिव्ह दांडुके दिसले. मॅकॉन्की आगरच्या प्लेटवर चोवीस तासांत बारीक, फिकट कॉलनी आल्या, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह निघाले आणि ट्रिपल शुगरच्या नळीत आम्ल झाले नाही. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी ‘स्युडोमोनास स्पीशीज’ असा रिपोर्ट दिला.

सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे कोणत्या औषधाला जंतू दबतो हे पाहण्याची, प्लेट वाचताना मात्र मन घुटमळले. जेंटामायसिन आणि अमिकासिनच्या डिस्कला अगदी चिकटून वाढ होती, कोलिस्टिनचीही तीच गत. आणि ज्या को-ॲमॉक्सिक्लॅवला स्युडोमोनास कधी दाद देत नाही, त्याच्याभोवती मात्र वाढ नसलेला चांगला रुंद झोन होता. डिस्क चुकीच्या जागी पडल्या असतील असे समजून मी चाचणी पुन्हा लावली, तरी निकाल तोच आला. मधल्या काळात मॅकॉन्कीची प्लेट इन्क्युबेटरमध्येच राहून गेली होती. चौथ्या दिवशी ती काढली, तेव्हा त्या फिकट कॉलनी जांभळट, कोरड्या आणि वाळलेल्या आमसुलासारख्या सुरकुतलेल्या झाल्या होत्या. झाकण उघडून वास घेतला, तर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा होता. शहरातल्या लॅबच्या यंत्राने उत्तर दिले, ‘बर्कहोल्डेरिया सेपेशिया’.

माझा प्रश्न असा आहे की यंत्राचे उत्तर अंतिम मानून रिपोर्ट दुरुस्त करावा का? आणि आमच्यासारख्या साध्या लॅबमध्ये यापेक्षा खात्रीने काही सांगता येईल का?

उत्तर १ : निवृत्त_जंतुशास्त्र_शिक्षक

सर्वांत आधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ती प्लेट पुन्हा उघडू नका. तिला चारही बाजूंनी टेप लावा, वर ठळक खूण करा आणि लॅबमधल्या कुणालाही वास घेऊ देऊ नका. वास घेऊन जंतू ओळखण्याची सवय आमच्या पिढीने तुम्हाला लावली, आणि स्युडोमोनासचा द्राक्षासारखा वास शिकवताना मीही विद्यार्थ्यांच्या नाकाशी प्लेट धरल्या आहेत. ती सवय मोडली पाहिजे. आपण केलेले वर्णन वाचून माझ्या मनात पहिले नाव आले ते बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआयचे, म्हणजे माती-पाण्यातून लागणाऱ्या मेलिऑइडोसिस या गंभीर रोगाच्या जंतूचे. तो श्वासावाटेही शरीरात जातो. लॅबमध्ये अशी लागण क्वचितच झालेली आहे, तरीही आपण आजच आपल्या फिजिशियनांना सांगून ठेवा, पुढचे २१ दिवस रोज दोनदा ताप मोजून लिहून ठेवा आणि प्रतिबंधक औषध घ्यायचे की नाही हा निर्णय त्यांच्यावर सोपवा. आपल्याला मधुमेह असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा. यापुढचे काम बायोसेफ्टी कॅबिनेट असलेल्या ठिकाणीच व्हावे.

आता ओळखीकडे वळू. ज्या डिस्कनी आपल्याला बुचकळ्यात टाकले, त्याच आपल्या हातातला सर्वांत मोठा पुरावा आहेत. आपण सेन्सिटिव्हिटी लावतो ती औषध निवडण्यासाठी, पण हा नकाशा जंतूची ओळखही सांगतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ग्राम निगेटिव्ह दांडुका, जेंटामायसिनला आणि कोलिस्टिनला दाद न देणारा, पण को-ॲमॉक्सिक्लॅवला दबणारा, असे चित्र दिसले की आपल्या किनारपट्टीवर तरी दुसरे काही सिद्ध होईपर्यंत स्युडोमॅलिआयच धरावा. स्युडोमोनास एरुजिनोसाचे चित्र याच्या नेमके उलट असते : कोलिस्टिनला तो बहुधा दबतो आणि को-ॲमॉक्सिक्लॅवला मुळीच जुमानत नाही. कोलिस्टिनची डिस्क उपचार ठरवण्यासाठी विश्वासार्ह नाही, कारण ते औषध आगरमध्ये नीट पसरत नाही. येथे तिचा उपयोग फक्त ओळखीपुरता आहे. या नियमालाही अपवाद आहेत. मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला दबणारे स्युडोमॅलिआय मोठ्या प्रमाणात सापडले आहेत, म्हणून एकट्या डिस्कवर विसंबू नये.

सेपेशियापासून वेगळे काढण्यासाठी आपल्याला महाग काहीच लागणार नाही. आर्जिनिन डायहायड्रोलेजची नळी लावायला सांगा. स्युडोमॅलिआय आर्जिनिन पॉझिटिव्ह असतो, सेपेशिया निगेटिव्ह. एरुजिनोसाही आर्जिनिन पॉझिटिव्ह असतो, पण तो कोलिस्टिनच्या डिस्कपाशी आणि त्याच्या हिरव्या रंगद्रव्यामुळे आधीच बाजूला पडलेला असतो. स्मिअर पुन्हा पाहा. दांडुक्यांची दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिका, अशी सेफ्टीपिनसारखी आकृती दिसते का? दिसली तर पुराव्यात भर पडेल, पण न दिसल्याने काही बिघडत नाही, कारण अशी रंगछटा इतर जंतूंतही येते आणि याच्यात नेहमी येतेच असे नाही.

कॉलनीचा वेळ हाही पुरावाच आहे. चोवीस तासांत हा जंतू अगदी सामान्य दिसतो. लहान, गुळगुळीत, फिकट अशा त्या कॉलनी पाहून तंत्रज्ञ ‘लॅक्टोज न आंबवणारा’ एवढे लिहून पुढे जातो आणि प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते. सुरकुत्या, जांभळट छटा आणि धातूसारखी चकाकी यायला तीन-चार दिवस लागतात. आपल्या लॅबमध्ये प्लेट चुकून राहिली म्हणून हे दिसले. संशय असलेल्या नमुन्यांची प्लेट मुद्दाम पाच दिवस ठेवण्याची पद्धत आपण पाडावी.

यंत्राच्या उत्तराबद्दल बोलायचे तर ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते यंत्राच्या यादीतले सर्वांत जवळचे नाव आहे. यंत्र जैवरासायनिक प्रतिक्रियांचा नमुना आपल्या संग्रहाशी ताडून पाहते, आणि स्युडोमॅलिआयला सेपेशिया ठरवण्याची चूक अनेक देशांतून नोंदली गेली आहे. भातशेतात राबणाऱ्या मधुमेही माणसाच्या रक्तात सेपेशिया येईलच कशाला? तो प्रामुख्याने सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांच्या फुप्फुसांत, किंवा रुग्णालयातल्या दूषित द्रावणांतून येणारा जंतू आहे. रुग्ण कोण आहे हे यंत्राला ठाऊक नसते, ते आपल्याला ठाऊक असते.

खात्रीसाठी लॅटेक्स ॲग्लुटिनेशन (प्रतिपिंड लावलेल्या कणांच्या गुठळ्या होतात का ते पाहणारी चाचणी) किंवा पीसीआर (जनुकाची चाचणी) लागेल. या रोगावर दीर्घकाळ काम केलेल्या संस्थांत मणिपाल आणि वेल्लोर इथली वैद्यकीय महाविद्यालये आहेत; त्यांच्यासारख्या ठिकाणी, आधी फोन करून आणि तिहेरी पॅकिंगच्या नियमांनी, कॉलनी पाठवावी. दरम्यान रिपोर्टमध्ये ‘बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआयचा दाट संशय, खात्रीची चाचणी प्रलंबित’ असे स्पष्ट शब्दांत लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. कागद पोचेपर्यंत थांबू नका.

उत्तर २ : जिल्हा_फिजिशियन

वरच्या उत्तराला रुग्णाच्या खाटेजवळून जोड देतो. हा फरक केवळ नावाचा नाही. ‘स्युडोमोनास स्पीशीज’ वाचून बरेचजण अमिकासिन लावतील, आणि तो या जंतूपुढे निष्फळ आहे. सेफ्ट्रिॲक्सोनवरही विसंबता येत नाही. मेलिऑइडोसिसला सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान १० ते १४ दिवस द्यावे लागते, पाणथरीत किंवा यकृतात गळवे असली तर चार आठवडे किंवा त्याहून अधिक, आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. गोळ्यांचा टप्पा अर्धवट सोडला की रोग उलटतो. बरे वाटू लागल्यावर, विशेषतः लावणी-कापणीच्या दिवसांत, रुग्ण गोळ्या सोडतात हे मी स्वतः पाहिले आहे.

टीबीशी होणारी गल्लत तर नेहमीचीच आहे. महिनाभराचा ताप, वजन घटणे, फुप्फुसात डाग, पाणथरीत गळवे. सगळे चित्र टीबीचे दिसते, म्हणून एकेटी सुरू होते आणि मौल्यवान आठवडे निघून जातात. म्हणून माझी लॅबच्या मंडळींना विनंती आहे की एकाच रक्तनमुन्यावर थांबू नका. या रोगात सगळे नमुने मिळूनही कल्चर फक्त सुमारे ६० टक्के रुग्णांत जंतू पकडते. गळवातला पू, लघवी, बेडका आणि घशाचा स्वॅब असे सगळे मागून घ्या. पुरुष रुग्ण असेल तर प्रोस्टेटमध्ये गळू आहे का ते सोनोग्राफीत पाहायला आम्हाला सुचवा. घशासारख्या जागेवर इतर जंतूंची गर्दी असते, तेथे ॲशडाउनचे आगर उपयोगी पडते. त्यात जेंटामायसिन आणि क्रिस्टल व्हायोलेट असल्याने बाकीची वाढ दबते आणि हा जंतू एकटा वर येतो.

उत्तर ३ : वर्गीकरण_अभ्यासक

नावांच्या घोळाबद्दल थोडे लिहिते, कारण आपल्या रिपोर्टमधल्या ‘स्युडोमोनास’ या शब्दामागे इतिहास आहे. हा जंतू १९११ मध्ये रंगूनमध्ये व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी कृष्णस्वामी यांना शवविच्छेदनांत प्रथम आढळला. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाशी साम्य होते, पण हा जंतू हालचाल करणारा होता आणि ग्लँडर्सचा, म्हणजे मॅलिआय, नव्हे. म्हणून ‘मॅलिआयसारखा भासणारा’ या अर्थाने ‘स्युडोमॅलिआय’ हे नाव त्याला चिकटले. पुढे कित्येक दशके तो स्युडोमोनास या गटातच गणला जात होता. १९९२ मध्ये बर्कहोल्डेरिया हा स्वतंत्र गट करून त्याला तिकडे हलवले. कांद्याची सड लावणाऱ्या सेपेशियाचे वर्णन करणाऱ्या वॉल्टर बर्कहोल्डर यांच्यावरून ते नाव आले. आपल्या देशातल्या रुग्णांच्या पहिल्या नोंदी १९९१ च्या सुमाराच्या, म्हणजे त्या वेळी तो कागदोपत्री स्युडोमोनासच होता. जुनी पुस्तके वापरणाऱ्या लॅबमध्ये ती सवय अजून टिकून असेल तर नवल नाही.

नव्या तंत्रानेही ही अडचण आपोआप सुटत नाही. मालडी-टॉफ यंत्र जंतूतल्या प्रथिनांच्या वस्तुमानाचा आलेख काढते, त्यातला मोठा वाटा रायबोसोमच्या प्रथिनांचा असतो, आणि तो आलेख संग्रहातल्या आलेखांशी जुळवते. संग्रहात स्युडोमॅलिआयच नसेल तर यंत्र त्याच्या सख्ख्या भावंडाचे, म्हणजे मातीतल्या थायलँडेन्सिसचे नाव पुढे करते. थायलँडेन्सिस माणसाला जवळजवळ कधीच आजारी पाडत नाही. तो अरॅबिनोज वापरतो, स्युडोमॅलिआय वापरत नाही. एवढा जुना, साधा फरक येथे उपयोगी पडतो. जंतू ओळखण्यासाठी वाचला जाणारा दोघांचा १६ एस जनुकक्रमही इतका सारखा आहे की त्यावर निकाल देणे धोक्याचे आहे. म्हणून पीसीआरसाठी स्युडोमॅलिआयपुरताच असलेला, टाइप थ्री स्रावयंत्रणेतला जनुकखंड निवडला जातो.

आणखी एक बाब. जनुकांच्या हिशेबाने ग्लँडर्सचा मॅलिआय हा स्युडोमॅलिआयचाच, बरीच जनुके गमावून जनावरांच्या शरीरापुरता उरलेला वंशज आहे. तरी आपण त्यांना दोन जाती मानतो, कारण रोग, प्रसार आणि खबरदारी वेगळी आहे. शिगेला आणि ई. कोलाय यांच्या बाबतीतही आपण हेच करतो. क्लिनिकल लॅबमधले वर्गीकरण रुग्णासाठी असते, आणि मला ते पूर्णपणे योग्य वाटते.

प्रश्नकर्तीचे पुढील टिपण : तळकोकण_लॅब

सर्वांचे मनापासून आभार. प्लेट टेप लावून बंद केली आहे. मला मधुमेह नाही. ताप मोजणे सुरू आहे आणि फिजिशियनांशी बोलणे झाले आहे. आर्जिनिन पॉझिटिव्ह आले. काल एका वैद्यकीय महाविद्यालयातून लॅटेक्सही पॉझिटिव्ह असल्याचा फोन आला. पीसीआर बाकी आहे. रुग्णाची एकेटी सुरू झालीच नव्हती, त्यांना सेफ्टाझिडिम चालू आहे आणि चार दिवसांनी प्रथमच ताप १०० च्या खाली आला.

सरांचे उत्तर वाचल्यावर मी मागच्या तीन वर्षांची कल्चरची रजिस्टरे काढून बसले. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत मी स्वतःच्या हाताने ‘स्युडोमोनास स्पीशीज’ असे लिहिलेल्या नऊ नोंदी मिळाल्या. त्यांतल्या दोन नोंदींत जेंटामायसिन ‘आर’ (दाद नाही) आणि को-ॲमॉक्सिक्लॅव ‘एस’ (दबतो) आहे; एक पायाच्या गळूतला पू, दुसरे रक्त. कॉलनी जपून ठेवलेल्या नाहीत, त्यामुळे जंतू आता पुन्हा तपासता येणार नाही. पण दोघांचे केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये मिळाले. दोघेही मधुमेही आहेत. आज सकाळी ते फिजिशियनांच्या टेबलावर ठेवले आणि दोघांनाही तपासणीसाठी बोलावण्याचे ठरले.