'स्कॅफोल्ड'ला मराठीत काय म्हणावं? सांगाडा, परांची की आणखी काही?

अनुवादक: हाडाच्या जंतुसंसर्गावरच्या रुग्णपत्रिकेचं भाषांतर चालू आहे. मेलेलं हाड काढल्यावर उरलेल्या पोकळीत सच्छिद्र स्कॅफोल्ड (नवं हाड ज्याच्या आधाराने वाढतं असा आधार) बसवतात, असं वाक्य आहे. 'सांगाडा' लिहिलं तर तपासणाऱ्याने खोडलं. म्हणे, हाडात हाडांचा सांगाडा कसा बसवणार? 'परांची' चालेल का?

शब्दकामाठी: नाही चालणार. परांची इमारतीच्या बाहेरून बांधतात. इथे रक्तवाहिन्या आणि पेशी त्या द्रव्याच्या आत शिरतात. त्यासाठी छिद्रं निदान १०० मायक्रॉनची लागतात, ३०० च्या आसपास असली तर उत्तम. शिवाय ती एकमेकांना जोडलेली हवीत, बंद बुडबुडे कामाचे नाहीत. 'आधारजाळी' म्हणा.

जुनेबोल: जाळी म्हटलं की हर्नियाची जाळी आठवते. परांचीच बरी. काम झालं की ती उतरते, हा अर्थ तरी त्यात आहे.

अस्थिकारण: सगळ्याच उतरत नाहीत ना! पोकळीत कोणतं द्रव्य भरलंय त्यावर ते ठरतं. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच (ड्रेसमनने १८९२ मध्ये ते हाडाच्या पोकळीत भरलं होतं), काही आठवड्यांत विरघळतं, बहुतेकदा नवं हाड पुरतं भरायच्या आधीच. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट जायला महिने, कधी वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि शरीराच्या पेशीच ते बऱ्याच अंशी कुरतडून संपवतात. हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं द्रव्य) वर्षानुवर्षं तिथेच राहतं. तिघांनाही सरसकट 'जैवविघटनशील' म्हणणं चूक आहे. पहिल्याला 'विरघळणारं', दुसऱ्याला 'झिजून जाणारं' म्हणा.

आणखी एक. कॅल्शियम सल्फेट विरघळताना जखमेतून पातळ पांढुरकं पाणी झिरपू शकतं. पत्रिकेत त्याला 'पू' लिहू नका, 'स्राव' लिहा. पण लाली, ताप, वाढती वेदना किंवा दुर्गंधी असेल तर लगेच दाखवा, हेही त्याच परिच्छेदात हवं.

शब्दकामाठी: मान्य. मग 'बोन सिमेंट'चं (कृत्रिम सांधा बसवताना किंवा पोकळीत भरतात त्या, घट्ट होणाऱ्या मिश्रणाचं) काय? 'अस्थिलेप' हा चांगला मराठी शब्द आहे.

अस्थिकारण: लेप वरून लावतात. हे हाडाच्या खाचाखोचांत शिरून घट्ट होतं आणि तिथेच अडकतं, गोंदासारखं चिकटवत नाही. 'सिमेंट' सगळ्यांना कळतं, राहू द्या. घट्ट होताना ते बरंच तापतं, म्हणून त्यात उष्णता सोसणारी प्रतिजैविकंच घालतात: जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हॅन्कोमायसिन. तीही पावडरच्या रूपात. द्रवरूप औषध घातलं तर सिमेंट नीट जमत नाही. कृत्रिम सांधा बसवताना ४० ग्रॅम पावडरीला साधारण १ ग्रॅमपर्यंत औषध. पोकळीत तात्पुरता ठोकळा किंवा मणी ठेवायचे असतील तर त्याहून बरंच जास्त चालतं, कारण तिथे मजबुती दुय्यम.

काचकाम: 'मणी' शब्द ठेवा, तारेत ओवलेले असतात म्हणून अगदी चपखल बसतो. मात्र ते काढावे लागतात, हे पत्रिकेत आलंच पाहिजे. औषध पहिल्या काही दिवसांत जोरात बाहेर पडतं, मग पाझर मंदावतो. औषध संपलेला मणी जंतूंना चिकटायला आयती जागा होतो.

उलट त्याच पोकळीत भरायची जैवक्रियाशील काच औषधाविना जंतूंना आवरते. एस५३पी४ या प्रकारात ५३ टक्के सिलिका, २३ टक्के सोडियम ऑक्साइड, २० टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ४ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असतं. तिच्यातून आयन सुटले की भोवतालची अल्कता आणि परासरण दाब (विरघळलेल्या क्षारांमुळे पाणी ओढणारा दाब) वाढतो, जंतूंना तग धरणं अवघड होतं.

जुनेबोल: 'जैवक्रियाशील काच' वाचून रुग्णाला काय कळणार? 'हाडाशी जुळणारी काच' लिहा.

काचकाम: मग जुळवून घेणाऱ्या टायटॅनियमपासून ती वेगळी कशी ओळखणार? हिच्या पृष्ठभागावर ॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारखा) थर बनतो आणि हाड त्याला धरतं. 'जुळणारी' नको, 'हाड धरणारी' म्हणा.

अनुवादक: आणि स्कॅफोल्ड?

अस्थिकारण: त्याआधी तुमचं 'मेलेलं हाड काढल्यावर' बघा. नुसतं 'काढल्यावर' अपुरं आहे. 'कडांमधून रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडून' असं लिहा. मेलेला तुकडा आत राहिला तर वर काहीही भरा, नाडीव्रण (हाडापासून कातडीपर्यंत पू वाहणारं भोक) पुन्हा वाहू लागतो.

शब्दकामाठी: 'खरवडून' नको, 'तासून'. तिथे 'बर' (हाड तासणारं फिरतं टोक) चालवतात.