मदत हवी आहे: मेकवरून सीमेकवर येताना लिंकिंगला अडकले आहे

नमस्कार मंडळी,

सी प्लस प्लसचा जुना, बराच मोठा प्रकल्प आहे. १४० च्या आसपास मेकफाइल (बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम कसा तयार करायचा ते ‘मेक’ या साधनाला सांगणाऱ्या फाइली), एकीतून दुसरीला हाक मारणाऱ्या. वरची मेकफाइल एकेका फोल्डरमध्ये उतरते, तिथलं काम उरकते आणि पुढच्यात जाते. हा क्रम कुणीतरी कधीकाळी हाताने लावला आणि त्याच्याच जोरावर सगळं चाललंय. काय कशावर अवलंबून आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. समांतर बिल्ड कधी होतं, कधी मध्येच फुटतं. म्हणून सगळेजण एका वेळी एकच फाइल कंपाइल करतात आणि पूर्ण बिल्डला ५० मिनिटं जातात. त्यात कंपायलरचे फ्लॅग (त्याला दिलेल्या सूचना) बदलले तरी मेकला पत्ता लागत नाही, कारण तो फाइलींच्या वेळा तेवढ्या बघतो. जरा शंका आली की क्लीन करा आणि परत ५० मिनिटं थांबा. नव्या माणसांचे पहिले आठवडे यात जातात, ते बघवत नाही.

म्हणून सीमेक (बिल्डचं वर्णन लिहायचं साधन) आणि निन्जा (ते बिल्ड प्रत्यक्ष चालवणारं साधन) घेतले. ज्या लायब्रऱ्या दुसऱ्या कशावरच अवलंबून नाहीत त्यांच्यापासून सुरुवात केली आणि निम्म्याहून जास्त काम झालंय.

निन्जा मुळातच समांतर चालतो, त्यामुळे दडलेले दोष पहिल्याच दिवशी वर आले. आमच्याकडे एक पायथन स्क्रिप्ट काही हेडर तयार करते. जुन्या क्रमात ती आपोआप आधी चालायची. आता स्वच्छ बिल्डला ‘हेडर सापडत नाही’ आणि लगेच दुसऱ्यांदा चालवलं की सगळं ठीक! त्या स्क्रिप्टमधून कोणत्या फाइली निघतात ते कस्टम कमांडमध्ये नीट लिहिलं, वापरणाऱ्या टार्गेटना ते अवलंबित्व सांगितलं, तेव्हा सुटलं.

दुसऱ्या गोष्टीने तीन दिवस खाल्ले. रिलीज बिल्डला सीमेक स्वतःहून एनडीबग (असर्ट, म्हणजे कोडमधल्या तपासण्या, काढून टाकणारी खूण) लावतो. आमच्या मेकफाइलींत तो कधीच नव्हता. एका ठिकाणी असर्टच्या कंसातच फाइल उघडण्याचं फंक्शन होतं, ते अख्खं गायब झालं. डीबगमध्ये सगळ्या चाचण्या पास, रिलीजमध्ये नापास. तुम्ही हे काम करणार असाल तर आधी सगळे असर्ट वाचून काढा.

आता अडलंय ते असं. आमचे ड्रायव्हर ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमधून स्वतःची नोंद करतात. जुन्या बिल्डमध्ये त्यांच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) थेट प्रोग्रामला जोडल्या, म्हणजे लिंक व्हायच्या. मी त्यांची स्टॅटिक लायब्ररी (ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा) केली, तर प्रोग्राम सुरू होतो, पण ड्रायव्हरांची यादी रिकामी. एररही नाही, वॉर्निंगही नाही.

शिवाय गाभा, साठवण आणि नेटवर्क या तीन लायब्रऱ्या एकमेकींना गोल गोल बोलावतात. स्टॅटिक आहेत तोवर सीमेक चालवून घेतो, पण साठवण शेअर्ड (वेगळी फाइल राहून प्रोग्राम चालताना जोडली जाणारी) केली की स्पष्ट नकार देतो. हा गुंता आधी सोडवू की स्थलांतर झाल्यावर? रोजचं काम तर थांबवता येत नाही.

प्रतिसाद

यादी रिकामी राहते कारण लिंकर स्टॅटिक लायब्ररीतून ज्यांची कुणीतरी मागणी केली तेवढ्याच ऑब्जेक्ट फाइली उचलतो. तुमच्या ड्रायव्हरांना नावाने कुणी बोलावतच नाही. त्यांची ऑब्जेक्ट लायब्ररी (गठ्ठा न बांधता सुट्या ऑब्जेक्ट फाइली देणारी) करा, आणि ती थेट शेवटच्या प्रोग्रामलाच जोडा. मध्ये दुसरी लायब्ररी आली तर ऑब्जेक्ट फाइली पुढे पोचत नाहीत. सीमेक ३.२४ किंवा पुढचा असेल तर होल-आर्काइव्हची (लायब्ररी अख्खीच उचलायला लावायची) सोयही आहे.

गुंत्याला आत्ता हात लावू नका. तिन्ही स्टॅटिकच ठेवा. बिल्ड आणि कोडची रचना एकदम बदललीत तर काही मोडल्यावर दोष कुणाचा ते कळणार नाही. तोवर जुनं आणि नवं दोन्ही बिल्ड सीआयवर (बदल झाले की आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणाऱ्या यंत्रणेवर) शेजारी शेजारी चालू द्या. पोस्टग्रेस या डेटाबेसने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसन (सीमेकसारखंच साधन) आणलं तेव्हा जुनी पद्धतही चालू ठेवलीच होती. फक्त जुनी पद्धत बंद करायची तारीख आत्ताच ठरवा, कारण तोपर्यंत प्रत्येक नवी फाइल दोन ठिकाणी लिहावी लागेल आणि लोक एक जागा विसरतील.

आणि चाचण्या पास झाल्या म्हणून थांबू नका. दोन्हीकडच्या कंपाइल कमांड काढा, फाइलगणिक लावून बघा.

धागाकर्ती

मनापासून आभार. ऑब्जेक्ट लायब्ररीने यादी पूर्ण आली. कमांडही ताडून बघितल्या: एका फोल्डरला ‘चार’ (char) हा टाइप अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेला) धरायचा फ्लॅग होता, तो माझ्याकडून सुटला होता. तिथे बायनरी फाइली वाचल्या जातात, म्हणजे आकडे गुपचूप चुकले असते आणि त्या भागाला एकही चाचणी नाही. फ्लॅग परत लावलाय. आता तिथल्या चाचण्या आधी लिहिते, मग पुढच्या लायब्ररीला हात घालते.